पोटी किती, हयात किती

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला विचारलं आहे: काही देशांची लोकसंख्या वीस-बावीस वर्षांत दुप्पट होते, तर काही देशांत मुलांअभावी शाळा बंद पडतात. हा फरक गरिबीमुळे पडतो, धर्मामुळे की सरकारी धोरणामुळे? आणि आपल्याकडे दोन मुलांचा कायदा केला तर वाढ थांबेल का?

मी तीसेक वर्षं आरोग्य आणि कुटुंब सर्वेक्षणांच्या कामात आहे. पहिली दहा वर्षं घरोघर फिरून प्रश्नावल्या भरल्या, पुढे इतरांनी भरलेल्या तपासल्या. या प्रश्नाची एका वाक्यातली उत्तरं मी खूप ऐकली आहेत आणि त्यातली बरीचशी चुकीची असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी साधा हिशेब. कुठल्याही प्रदेशाची लोकसंख्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तीनच वाटांनी बदलते. चर्चेत मात्र सगळे फक्त जन्मांबद्दल बोलतात. जर्मनीत १९७२ पासून दर वर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत आले आहेत, तरी आज तिथली लोकसंख्या तेव्हापेक्षा जास्त आहे, कारण बाहेरून माणसं येत राहिली. कतारमध्ये २००४ च्या जनगणनेत सुमारे साडेसात लाख लोक होते, २०१० मध्ये १७ लाख. सहा वर्षांतली ही वाढ पाळण्यातली नव्हे, विमानातून उतरलेली. भारत, नेपाळ, बांगलादेशातून गेलेल्या कामगारांची. बल्गेरियात याच्या उलट झालं. १९८० च्या दशकाच्या शेवटी जवळपास ९० लाख असलेला तो देश २०२१ च्या जनगणनेत ६५ लाखांवर आला. मुलं कमी झाली हे खरंच, पण तरुण पिढी कामासाठी पश्चिम युरोपात गेली आणि पुढे होणारी मुलंही तिच्याबरोबर गेली.

आपल्याला हे समजायला बल्गेरियापर्यंत जायची गरज नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास ५ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २ टक्क्यांच्या थोडी वर घटली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. कोकणातला चाकरमानी कुठे गेला हे या दोन आकड्यांतच दिसतं. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. एखाद्या जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया इतक्या जास्त दिसल्या, की मी आधी मनीऑर्डरी कुठून येत असतील ते बघते.

स्थलांतर बाजूला ठेवलं की जन्म आणि मृत्यू उरतात, आणि इथे मृत्यूपासून सुरुवात करायला हवी. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढली तर नाहीच, थोडी घटलीच: २५.२ कोटींवरून २५.१ कोटी. त्या काळात बायकांना मुलं कमी होत होती असं अजिबात नाही. सहा-सहा, सात-सात बाळंतपणं व्हायची. पण देवी, पटकी, प्लेग, हिवताप, दुष्काळ आणि शेवटी १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, एवढ्यांनी माणसं नेली. हजारो वर्षं जगभर असंच चाललं होतं. भरपूर जन्म, तेवढेच मृत्यू. लोकसंख्येने उसळी घेतली ती मृत्यू कमी झाल्यावर. जन्म आपल्या जुन्या चालीने चालत राहिले आणि दोन्हींमधलं अंतर लोकसंख्येत जमा होत गेलं.

हे अंतर किती मोठं होतं आणि किती वर्षं टिकतं, यावरच देशादेशांतला फरक ठरतो. युरोपात मृत्युदर शंभर-दीडशे वर्षं हळूहळू उतरला, मागोमाग जन्मदरही उतरला, आणि मधल्या काळात वाढलेली कोट्यवधी माणसं जहाजात बसून अमेरिकेला गेली. फ्रान्समध्ये तर जन्मदर अठराव्या शतकाच्या अखेरीसच उतरू लागला होता, गोळ्या आणि तांबी यांच्या कितीतरी आधी. आशिया-आफ्रिकेला एवढा अवधी मिळाला नाही. लसी, प्रतिजैविकं आणि डीडीटी तयार स्थितीत हाती आली. श्रीलंकेत हिवतापाविरुद्ध डीडीटी फवारल्यावर १९४६ मध्ये हजारी २० असलेला मृत्युदर १९४७ मध्ये १४ वर आला. एका वर्षात! पण मुलं किती हवीत याबद्दलची आईबापांची समजूत एका वर्षात बदलत नाही.

ती कशी बदलते हे मी सातपुड्यातल्या एका पाड्यावर पाहिलं. आमच्या प्रश्नावलीत स्त्रीचा पूर्ण बाळंतपणांचा इतिहास लिहावा लागतो: पोटी किती झाली, हयात किती, गेलेलं मूल कितव्या महिन्यात गेलं. तिथल्या सासूने बोटांवर मोजून नऊ सांगितली. हयात चार. गेलेल्या प्रत्येक मुलाचा महिना तिला आठवत होता. पावसाळ्यातलं, होळीच्या आधीचं, असं ती सांगत गेली. शेजारी बसलेल्या सुनेला तीन मुलं होती आणि तिन्ही समोर अंगणात खेळत होती. मी निघताना तिने हळूच विचारलं, तांबी बसवायला तालुक्याला जावं लागतं का? दोघींची परिस्थिती सारखीच गरीब होती, जात-धर्म एक, घर एक. सासूने चार जगावीत म्हणून नऊ जन्माला घातली. सुनेची तिन्ही जगली होती. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केले, ते काम १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. बाळं वाचली की लोकसंख्या आणखी वाढेल अशी शंका मला आजही लोक विचारतात. पहिली काही वर्षं वाढते, खरं आहे. पण मूल जगेल याची खात्री पटल्याशिवाय कुठल्याही आईने मनापासून पाळणा थांबवल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता तुझ्या धर्म-गरिबीच्या प्रश्नाकडे येते. त्यासाठी माझ्या दृष्टीने जगातलं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या दोन्ही अंगांना आहे. १९७१ पर्यंत पाकिस्तान आणि बांगलादेश एकच देश होता. १९६१ च्या जनगणनेत पूर्व भागात सुमारे ५.१ कोटी लोक होते आणि पश्चिम भागात सुमारे ४.३ कोटी. दोन्हीकडे बहुसंख्य मुस्लिम, दोन्हीकडे शेतीवर जगणारा समाज, आणि गरिबी पूर्वेकडे जास्त. १९७० चं चक्रीवादळ, १९७१ चं युद्ध, १९७४ चा दुष्काळ, हे सगळं पूर्वेने सोसलं. तेव्हा कुणी विचारलं असतं की यातला कोणता भाग लोकसंख्येच्या ओझ्याखाली दबेल, तर जवळपास सगळ्यांनी बांगलादेशाकडे बोट दाखवलं असतं. आज बांगलादेशात सुमारे १७ कोटी लोक आहेत आणि पाकिस्तानात, २०२३ च्या जनगणनेनुसार, २४ कोटींहून अधिक. साठ वर्षांत एक भाग साडेतीनपटीच्या आत वाढला, दुसरा साडेपाचपट. पाकिस्तानात आलेले अफगाण निर्वासित आणि बांगलादेशातून बाहेर गेलेली माणसं हिशेबात धरली तरी हा फरक भरून निघत नाही. तो प्रामुख्याने बायकांच्या बाळंतपणांचा आहे. बांगलादेशात १९७५ च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी सहाहून अधिक मुलं होत; २०१७-१८ च्या सर्वेक्षणात २.३. त्याच वर्षांत पाकिस्तानात ३.६.

हे कसं झालं याची सुरुवात मला चांदपूर जिल्ह्यातल्या मतलब या नदीकाठच्या भागात दिसते. तिथे पटकीवर संशोधन करणारी संस्था काम करत होती आणि गावागावातल्या जन्ममृत्यूंची नोंद तिच्याकडे होती. १९७७ मध्ये तिने अर्ध्या गावांत स्थानिक शिकलेल्या विवाहित बायका नेमल्या. त्या दर पंधरा दिवसांनी दारात जायच्या, गोळ्या, इंजेक्शन, निरोध यांतलं जे हवं ते द्यायच्या आणि, मला हे सर्वांत मोलाचं वाटतं, गोळीने मळमळतं म्हणून कुणी सांगितलं तर ते ऐकून घ्यायच्या, पर्याय द्यायच्या. उरलेल्या गावांत नेहमीची सरकारी सेवा होती. पंधरा-वीस महिन्यांत पहिल्या गावांतलं साधनं वापरण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आतून ३० टक्क्यांच्या वर गेलं. पडद्यामुळे बाई घराबाहेर पडू शकत नव्हती, तर सेवा घरात आली. पुढे सरकारने हजारो महिला कार्यकर्त्या नेमून हेच देशभर केलं.

त्याच सुमारास ब्रॅक या संस्थेच्या मुली घरोघर जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवत होत्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या. गोळी देणारी बाई आणि मूल वाचवायला शिकवणारी बाई एकाच काळात दारात आल्या, हे मला योगायोगापेक्षा जास्त वाटतं. दुसरीवर विश्वास बसला म्हणून पहिलीचंही ऐकलं गेलं. मग १९९० च्या दशकात ग्रामीण मुलींना माध्यमिक शाळेसाठी विद्यावेतन सुरू झालं, कपड्यांच्या कारखान्यांनी लाखो तरुण मुलींना पगार दिला. पाकिस्तानातही लष्करशहा अयुब खानांच्या काळात कुटुंबनियोजनाचा मोठा कार्यक्रम होता आणि १९९४ पासून तिथे महिला आरोग्यसेविकाही आहेत. पण सरकारं बदलली तसा जोर बदलला, मुलींच्या शाळा मागे राहिल्या आणि मुलांचे मृत्यूही हळूहळूच कमी झाले. २०१७-१८ मध्ये पाकिस्तानात हजारातली ७४ मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती, बांगलादेशात ४५.

इथे माझ्याच एका आवडत्या सिद्धांताला धक्का बसतो आणि तो सांगायलाच हवा. मुलीचं लग्न उशिरा झालं की जन्मदर उतरतो, असं आम्ही प्रशिक्षणात शिकवतो, आणि बहुतेक ठिकाणी ते खरं आहे. बांगलादेशात मात्र आजही जवळपास अर्ध्या मुलींची लग्नं अठराच्या आत होतात, तरीही मुलं दोन-सव्वादोन. म्हणजे लवकर लग्न होऊनही बाईला पाळणा लांबवता आणि थांबवता आला. त्या मुलींच्या शिक्षणाचं आणि शरीराचं नुकसान झालंच, ते वेगळं दुःख आहे.

धर्माबद्दल आणखी दोन उदाहरणं. इराणमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरासरी सहाहून अधिक मुलं होत होती. इराकशी चाललेलं युद्ध संपल्यावर, १९८९ मध्ये, धर्मगुरूंच्याच सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतलं, गावोगावच्या आरोग्यघरांतून साधनं दिली, लग्नाआधी समुपदेशन सक्तीचं केलं. वीसेक वर्षांत आकडा दोनच्या खाली गेला. दुसरीकडे, साधनांना चर्चची मान्यता नसलेले इटली आणि स्पेन सव्वा मुलाच्या आसपास आहेत. आपल्याकडे केरळातल्या मुस्लिम स्त्रीपेक्षा बिहारमधल्या हिंदू स्त्रीला सरासरी जास्त मुलं आहेत. धर्माचा परिणाम शून्य असतो असं मी म्हणत नाही. इस्रायलसारख्या श्रीमंत देशात तीनच्या आसपास मुलं होतात, त्यात धार्मिक कुटुंबांचा वाटा मोठा आहे. पण आकडे मांडताना मी आधी प्रदेश, मुलीचं शिक्षण आणि बालमृत्यू बघते. एवढ्यावर बहुतेक उलगडा होतो.

गरिबीचंही तसंच. पश्चिम आफ्रिकेतला नायजर गरीब आहे आणि तिथला जन्मदर जगातल्या सर्वांत मोठ्या जन्मदरांपैकी एक आहे. १९६० मध्ये तिथे सुमारे ३४ लाख लोक होते, आज अडीच कोटींहून जास्त. निम्मी लोकसंख्या पंधरा-सोळा वर्षांच्या आतली. पण २०१२ च्या सर्वेक्षणातला एक आकडा मला गरिबीपेक्षा जास्त सांगून जातो. तेव्हा तिथे सरासरी ७.६ मुलं होत होती आणि बायकांना हवी होती नऊच्या वर. तिथे नुसत्या गोळ्यांच्या पेट्या पाठवून काही होत नाही. मुलं जगत नाहीत, शेताला हात लागतात, म्हातारपणी दुसरा आधार नाही, सवत येण्याची भीती आहे, आणि चार मुलींपैकी तिघींचं लग्न अठराच्या आत होतं. अशा जागी जास्त मुलं मागणारी बाई अडाणीपणाने वागत नाही. तिच्यापुढे जे आहे त्यात ती शहाणपणाचाच हिशेब करते.

वयाचा परिणाम लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. समज, दोन घरांत प्रत्येक स्त्रीला सारखीच दोन मुलं होतात. एका घरात पहिलं मूल विसाव्या वर्षी होतं, दुसऱ्यात तिसाव्या. पहिल्या घरात पणजी साठीची असते तेव्हा खाली चाळीस, वीस आणि पाळण्यातलं अशा चार पिढ्या एकाच वेळी जिवंत असतात. दुसऱ्या घरात साठीच्या आजीखाली तिशीतली मुलं आणि बाळं, तीनच पिढ्या. मुलं सारखीच, माणसं मात्र पहिल्या घरात जास्त.

यातूनच भारताचं कोडंही सुटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपला दर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुलं, २.० निघाला. आई-बापाची जागा भरायला २.१ लागतात, वरचा ०.१ कारण मुली किंचित कमी जन्मतात आणि काही आई होण्याआधीच जातात. म्हणजे आपण त्या रेषेच्या खाली आहोत, तरी २०२३ मध्ये चीनला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर गेलो आणि अजून काही दशकं वाढणार. कुंभाराने काठी काढून घेतली तरी चाक फिरत राहतं तसं हे आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आता आईबाप झाल्या आहेत. प्रत्येकीला दोनच मुलं, पण आयाच कितीतरी जास्त. ही वाढ आजच्या बायकांच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. ती त्यांच्या जन्माच्या वेळीच ठरून गेली होती.

दुसऱ्या टोकाचा देश दक्षिण कोरिया. १९६० च्या सुमारास तिथे सहा मुलं होत, २०२३ मध्ये ०.७२. शंभर जोडप्यांना मिळून ७२ मुलं. त्यातल्या ३६ मुली आई झाल्या तर २६ नातवंडं. दोनशे माणसांची दोन पिढ्यांत सव्वीस! तिथल्या मुली उच्चशिक्षित आहेत, पण लग्न झालं की घरकाम आणि मूल जवळपास एकटीच्या अंगावर पडतं. कामाचे तास लांब, सोलमधली घरं आवाक्याबाहेर, खाजगी शिकवण्यांचा खर्च प्रचंड, आणि लग्नाशिवाय मूल समाजाला फारसं मान्य नाही. त्यामुळे मुली लग्नच टाळतात. सरकार अनेक वर्षं पैसे देत आहे. २०२४ मध्ये आकडा ०.७५ झाला. पुण्या-मुंबईतल्या तरुण जोडप्यांशी बोलताना घराचा हप्ता, पाळणाघर, शाळेची फी हेच शब्द मला ऐकू येतात, आणि महाराष्ट्राचा दर २०१९-२१ मध्येच १.७ होता, गोव्याचा १.३.

उरला कायदा. रुमानियात १९६६ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूने गर्भपातावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी दर १.९ वरून ३.७ वर गेला, मग लोकांनी चोरवाटा शोधल्या आणि तो पुन्हा खाली आला. चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका मेल्या. चीनमध्ये १९७० च्या दशकात, एक मूल धोरण येण्याआधीच, दर सुमारे सहावरून तीनच्या आत आला होता. उशिरा लग्न, दोन मुलांत अंतर, कमी मुलं अशी ती मोहीम होती, आणि तीही दबावाविना नव्हती. १९८० नंतरच्या सक्तीने मुलींचे गर्भ पाडले गेले. २०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन मुलांना परवानगी दिली, तरी २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटतेच आहे.

आपल्याकडे आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या ६२ लाख पुरुषांच्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं विधिमंडळ महाराष्ट्राचंच होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. त्या वर्षाची किंमत बायका अजून मोजताहेत. पुरुषांच्या मनात जी भीती बसली ती गेली नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात पुरुष नसबंदी ०.३ टक्के होती आणि स्त्रियांची जवळपास ३८ टक्के. मी फिरत होते तेव्हा ‘ऑपरेशन’ म्हटलं की ते बाईचंच असणार हे घरात गृहीत धरलेलं असे.

ग्रामपंचायत निवडणुकीसाठी दोन मुलांची अट महाराष्ट्रात २००१ पासून आहे. पण त्याआधीच, १९९८-९९ च्या सर्वेक्षणात, राज्याचा दर अडीचवर आला होता, आणि केरळ व तामिळनाडू अशी कुठलीही अट नसताना आपल्याआधी २.१ च्या खाली गेले. आंध्र प्रदेशाने तर आपली अट २०२४ मध्ये रद्द केली, कारण तिथे आता चिंता म्हाताऱ्यांच्या वाढत्या संख्येची आहे.

दर खरोखर वर आहे तो बिहारमध्ये, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ३.०. त्याच सर्वेक्षणात देशभरात न शिकलेल्या स्त्रीला सरासरी २.८ मुलं होती, बारावी किंवा पुढे शिकलेलीला १.८. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली लक्षणीय वाढल्या. तिथल्या एखाद्या तालुक्यासाठी मला निधी दिला तर मी तो तीन ठिकाणी खर्च करीन: मुलींच्या शाळेची वाट, बाळंतिणीच्या घरी येणारी आशाताई, आणि दोन मुलांत अंतर ठेवायची साधनं गावातच मिळण्याची सोय. कायद्याच्या मसुद्यावर यातला एक रुपयाही घालणार नाही.